ओव्हनमध्ये लावलेलं दही

मागच्या बुधवारी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा दही लावलं... तेही दुसऱ्याच्या ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा चालू ठेवून. इथे थंडीत दही असंच लागतं, हे वंदनामावशीने फोनवर शिकवलं.

वंदनामावशी म्हणजे आईची मावसबहीण. राहते पार दुसऱ्या टोकाला, सिॲटलजवळ बॉथेलला. माझं म्हणाल तर ओळखीच्यांच्या सोफ्यांवर झोपत देश बघणं चालू आहे... कॉलेज दोनदा धरलं, दोनदा सुटलं. सध्याचा सोफा ओंकारचा, माझ्या पुण्याच्या मित्राचा.

मावशीची मुलगी सई तिकडच्या एका कॉलेजच्या टीममधून व्हॉलीबॉल खेळते. गुरुवारी तिची मॅच इथे होती, ओंकारच्या घरापासून दहा मिनिटांवर.

आता तिकडची टीम न्यू जर्सीत कशाला खेळायला येते, हे मलाही कळत नव्हतं. तर कॉलेजांचे खेळायचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी सईच्या गटात सगळी तिकडचीच कॉलेजं होती. मग टीव्हीवाल्यांना फुटबॉलच्या मोठ्या मॅचेस हव्या होत्या, मोठी कॉलेजं जास्त पैसे मिळतील असा गट बघून निघाली, जुना गट फुटला... आणि सईचं कॉलेज येऊन पडलं इकडच्या गटात.

निर्णय फुटबॉलसाठी, पण विमानात बसायचं व्हॉलीबॉलच्या पोरींनी, तेही आठवड्याच्या मधेच. ओंकार म्हणाला, "आमच्या कंपनीत रिऑर्ग होतो ना, तसंच रे. वर काहीतरी ठरतं, आपल्याला डायरेक्ट नवा मॅनेजर दिसतो."

पूर्वी मावशी जवळजवळ प्रत्येक मॅचला जायची. टीमची बस पुढे, मावशीची गाडी मागे. मॅचच्या आधी सईच्या हातावर दही-साखर... परीक्षेला किंवा प्रवासाला निघताना घालतात ना, तशी. मी त्यांच्या सोफ्यावर होतो तेव्हा एकदा बघितलंय. पुढेपुढे टीममधल्या बाकीच्या पोरीही हात पुढे करायला लागल्या होत्या. सहा-सहा फुटी पोरी मावशीसमोर वाकून उभ्या.

आता मावशी ऑफिस सोडून कुठे कुठे उडणार. म्हणून मला फोन. "तू आहेस ना तिथे. दुकानातलं नको हं, घरी लाव. आणि उजव्या हातावर घाल."

विरजण शेजारच्या काकूंनी दिलं. त्यांच्याकडे एक लंगडं मांजर आहे, त्याच्या नादात मी तासभर तिथेच... असो. दही लागलं. सुरी फिरवली तर कापलं जावं असं लागलं. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

गुरुवारी संध्याकाळी जिमच्या बाजूच्या दारापाशी डबी आणि चमचा घेऊन उभा राहिलो. अंधार पडून बराच वेळ झाला होता, वारा कान कापत होता. टीमची बस आली. पहिल्याच पोरीने माझ्या हातातली डबी बघितली आणि ओरडली, "गाइज, द योगर्ट इज हिअर."

मग रांगच लागली. एकेक हात पुढे, एकेक चमचा, चाटत चाटत सगळ्या आत. सई सगळ्यात शेवटी उतरली. जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.

"दादा, मी आज खेळत नाहीये," ती म्हणाली. "सकाळी कोचला सांगितलं. हा सीझन संपला की मी टीम सोडतेय."

मी फक्त "का गं?" म्हटलं.

"लॅब्स मिस होतात. सगळा अभ्यास एअरपोर्टवर. परवा हॉटेलमध्ये उठले तर कुठल्या स्टेटमध्ये आहे तेच आठवेना... आय जस्ट सॅट देअर." मग डबीकडे बघत, "आणि स्टँडमध्ये आपलं कोणीच नसतं यार."

"मावशीला माहितीये?"

"घरी गेल्यावर सांगते. फोनवर नको. तूपण नको सांगू, प्लीज."

मी डबीला झाकण लावायला लागलो. खेळणारच नसेल तर कशाला, असं वाटलं. तर तिने हात पुढे केला.

"निघताना देतात ना हे? मग दे की. मी निघतेच आहे."

मी घातलं. उजव्या हातावर. तिने सगळं खाल्लं आणि आत जाऊन बाकावर बसली, शेवटपर्यंत बसली. मी समोरच्या स्टँडमध्ये. आसपास इतक्या रिकाम्या खुर्च्या होत्या की मी तीनदा जागा बदलली.

दुसरा सेट चालू असताना मावशीचा फोन आला. तिकडे अजून ऑफिसची वेळ होती, ती तिथेच बसून लॅपटॉपवर मॅच बघत होती. "दही-साखर घातलीस ना?"

"घातली."

"मग बसवून का ठेवलंय रे तिला?"

मी समोर बाकावरच्या सईकडे बघितलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "दही आंबट झालं असेल. लवकर काढून ठेव, हे मीच सांगायला हवं होतं तुला."

"हो मावशी... जरा आंबट झालं होतं," मी म्हटलं.

सई रविवारी घरी गेली आणि तिने सांगितलं. तिला विचारूनच आज हे लिहितोय. मावशी तिला काय म्हणाली, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

काल संध्याकाळी मावशीचा मेसेज आला, एका ओळीचा... "दही आंबट नव्हतं ना रे?"

मी त्या घट्ट लागलेल्या दह्याचा फोटो पाठवला. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "छान लागलंय. थँक्यू, तिथे होतास."

इतके सोफे फिरलो... पण तू तिथे होतास, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं.