सेमाडोहचा पळस आणि माझ्या सात काड्या

"सोमवारी गवंडी येते. मागच्या अंगनात फरशी टाकून मोकळं होऊ," आमच्या ह्यांनी फर्मान काढलं. "काड्यांले पानी घालून कोनाचं भलं झालं?"

अकोल्यातल्या आमच्या घरामागे जरा मोकळी जागा आहे. तिथे मला छोटंसं रान करायचं होतं. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाच्या बिया लावल्या, सात रोपं आली, पावसात टरारली आणि होळीआधीच वाळली. रोज पाणी घातलं, तरी नुसत्या काड्या उरल्या! भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. म्हटलं, टाका फरशी. मी निदान फुललेलं रान बघून येते.

रविवारी पहाटेची एसटी धरली. अकोट, अंजनगाव, परतवाडा. बायकांना अर्धं तिकीट. अमरावतीहून आलेली नणंद, सुलभाताई, परतवाड्यालाच भेटली. स्टँडबाहेर आलुबोंडा-रस्सा खाऊन धारणीच्या गाडीत बसलो. खिडकी सोडू नका! आधी बिनपानांची काटेसावर लाल, मग घाटात पळसच पळस, नाल्याकाठी धायटीची लाल झुडपं. बाग करणाऱ्यांना सांगते, जागा लहान असेल तर धायटी लावा. सावर मात्र घर गिळेल. जंगलातून पानसुद्धा आणायचं नाही, रोपं रोपवाटिकेतून घ्यायची. जंगलातल्या सेमाडोहला उतरलो. तिथली खोली आधीच आरक्षित करा. रात्री भाकर आणि वांग्याची भाजी अशी होती की ताईने तिसरी भाकर मागितली. फोनला रेंज मात्र नाही.

सोमवारी उजाडताच गावाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली सोमती नावाची कोरकू बाई फुलं वेचत होती. पूर्वी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करायचे. आता वणव्याच्या भीतीने ती खराट्याने झाडते. तिने ओंजळभर मोहफुलं हातावर ठेवली. मी तिला मोबाइलमधला माझ्या काड्यांचा फोटो दाखवला.

ती खळखळून हसली. "मेला नाई बाई! पळस लहानपनी वरून सुकते, खालून जिता रायते. पानी पडलं का फुटते. दोन-चार सालं असाच करते, मंग झाड बनते. तू उन्हाळ्यात पानी काहून देते? मुळी सडवशीन!"

गवंडी आजच येणार होता.

"ताई, चला!" मी ओरडले. मिळेल त्या गाडीने परतवाडा गाठलं, तिथून सहा वेळा फोन लावला. ह्यांनी उचलला नाही. अंजनगावपर्यंत मी त्यांना शिव्या घातल्या आणि अकोटपासून स्वतःला.

घरी पोचले तर दारात फरश्यांची चळत. मागे धावले. चार काड्या उपटलेल्या होत्या. तीन उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे हे खुर्ची टाकून बसले होते.

"गवंड्यानं उपटल्या तं खाली ह्या निघाल्या," त्यांनी हात पुढे केला. हातात गाजराएवढ्या जाड, ओल्या मुळ्या. "म्या तवाच त्याले वापस धाडलं. फोन आत होता, आन् इथून उठलो अस्तो तं तो पुन्हा आला अस्ता."

मला रडूच फुटलं. देवा, काय माणूस दिलास! सोमतीचं सगळं बोलणं मी त्यांना सांगितलं. चारही मुळ्या पुन्हा मातीत दाबता दाबता त्यांनी ते ऐकलं. मी सवयीने बादली उचलली.

"ठेव ते खाली," हे म्हणाले.