अडतीसची चक्री

आमच्या टोकियोतल्या निशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे फ्रिजशेजारच्या शेल्फचा वरचा कप्पा. त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचा टाक आणि खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली माझ्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरची चक्री. सहा वर्षं होती. चक्री म्हणजे गोळ्या भरायचा तो सहा भोकांचा लोखंडी गोळा. बंदूक नाही, नळी नाही, नुसती चक्री. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली लोक माझ्याकडे मी दाऊदची बहीण असल्यासारखे बघतात.

रिव्हॉल्व्हर मूळचं आजोबांचं. ते फौजेत होते. त्यांच्यामागे लायसन्ससकट ते आप्पांकडे आलं. आप्पा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होते. मी अकरावीत असताना पोलिस ठाण्यातून बोलावणं आलं, की तुमच्या हत्याराचं बोअर, म्हणजे नळीचं भोक, अडतीस आहे, ते सामान्य माणसाला ठेवता येत नाही. जमा करा, नाहीतर बत्तीसचं करून घ्या. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी परवानगीचे कागद घेऊन आम्ही दोघं एसटीने कोल्हापूरला एका कारागिराकडे गेलो. भाऊ लहान होता, म्हणून मला नेलं. कारागिराने नळीच्या आत दुसरी बारीक नळी बसवली, लहान भोकांची नवी चक्री केली. लायसन्सवरची नोंद पुढे ठाण्यात बदलून घेतली. परत आल्यावर आप्पांनी शेतात एकच बार काढला आणि म्हणाले, "ह्याचा घसा बसला." त्यानंतर कधी उडवलं नाही.

जुनी चक्री मात्र त्यांच्या खिशातून घरी आली होती. खंडेनवमीला पाटावर शस्त्रं मांडली जायची. रिव्हॉल्व्हर, आजोबांची कुकरी, विळा, कोयता, माझी कंपासपेटीसुद्धा. पण पहिलं कुंकू चक्रीला. आणि ते लावायचा मान माझा. "पोरीच्या हातनंच लावायचं," असं आप्पा म्हणायचे, आणि मला तेव्हा आभाळ ठेंगणं व्हायचं.

बारावीला मेडिकल थोडक्यात हुकत होतं. मामाचं गाव डोंगरी भागात. मामा म्हणाला, पोरगी माझ्याकडे राहून शिकली असा दाखला मी काढून आणतो, डोंगरी कोट्यातून नंबर लागेल, दाजींनी फक्त एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची. आई आप्पांच्या पाया पडली. आप्पांनी तो कागद वाचला, घडी घालून मामाच्या हातात ठेवला. "सरकारी कागदावर मी आयुष्यात खोटं लिहिलं नाही. लिहिणार नाही."

झालं. बी.एस्सी., एम.एस्सी., लग्न, आणि नवऱ्याच्या कंपनीच्या मागून टोकियो. आता उरायासूच्या एका कारखान्यात जेवणाचे डबे भरायचा बाइतो करते, म्हणजे तासांवरची नोकरी. डोक्याला जाळी, तोंडाला मास्क, हातात भाताचा चमचा. डॉक्टरीण झाले असते तरी जाळी आणि मास्क होतेच म्हणा. पण मी आप्पांवर राग धरला नाही. उलट मिरवलं. माझ्या लेकीला ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, की परीक्षेत कॉपी केलेल्या मैत्रिणीला तीही जपानीत आजोबांचे दाखले द्यायची.

आप्पा गेले आणि भावाने मला न विचारता रिव्हॉल्व्हर डीलरला विकून टाकलं. "ताई, तू काय जपानला तोफ नेणार होतीस का?" माझी समजूत म्हणून बिस्किटाच्या डब्यात घालून चक्री दिली. मी ती मेतकूट आणि पापडांच्या मध्ये ठेवून सामानात टाकली. कुणी हटकलं नाही. मला तरी काय ठाऊक! भोकं पडलेला गोळा. उदबत्त्या लावायच्या कामाचा.

आणि मग मीच माती खाल्ली. गेल्या खंडेनवमीला पाट मांडला. चक्री, घरातल्या सुऱ्या, नवऱ्याचा लॅपटॉप, लेकीचं व्हायोलिन. झेंडू नव्हता, म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. फोटो छान आला. तो मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तीस अंगठे, बारा नमस्कार. आणि इचिकावाच्या एका काकूंचा फोन. मला नाही, माझ्या नवऱ्याला. त्यांच्या यजमानांनी वाचलं होतं, की इथे चक्री नुसती असली तरी ती बंदुकीचा भाग धरतात आणि बाळगणं गुन्हा आहे.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. कारण आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज आठ महिन्यांपासून आत पडून होता. तो मंजूर झाला की नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही. लेकीची शाळा सुटत नाही. गेली दहा वर्षं त्या माणसाने ट्रॅफिकचा दंडसुद्धा होऊ दिला नव्हता, सायकललाही दिवा लावून हिंडला.

"परवा मोएनाई गोमी आहे," तो म्हणाला. म्हणजे न जळणारा कचरा. "जुन्या कुकरमध्ये घालून टाकून देऊ."

"माझ्या बापाची चक्री? फुटक्या कुकरात?"

"मग समुद्रात टाक! रिंकाई पार्कला जा आणि विसर्जन कर, मंत्र म्हण, काय वाटेल ते कर. पण घरात नको."

"मी चोर आहे का लपवायला? स्वतः नेऊन देते चौकीत. सांगते, चूक झाली."

"बाई गं, तुला विचारतंय कोण? कळणार आहे का कुणाला?"

तो ओरडत नव्हता, विनवत होता, हे मला आता आठवतं. लेक दारात उभी होती. ती जपानीत म्हणाली, "आजोबांनी काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी डब्यांची पाळी संपवून मी स्टेशनजवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलिस चौकीत गेले आणि खणाचं गाठोडं टेबलावर ठेवलं.

पोलिसांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. खुर्ची दिली, हातमोजे घातले, मोठ्या ठाण्यात फोन केला आणि मला तिकडे नेलं. तिथे दुसऱ्याच एका वयस्कर अधिकाऱ्यांनी चक्री उलटीपालटी केली आणि विचारलं, "हे रक्त आहे का?" मी कुंकू समजावून सांगायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं, मग रडू आलं. भोकं मोजली गेली. ही कुठल्या बंदुकीची? मी म्हटलं, "तिच्यासाठी आता बंदूकच उरली नाही. ती बंदूक बत्तीसची झाली." ते म्हणाले, त्याचा काही कागद असेल तर आणा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

त्याच आठवड्यात आमची कागदपत्रं बघणाऱ्या एजंटाने सांगितलं, की हे प्रकरण अंगावर असताना अर्ज टिकणार नाही, मागे घ्या, काही वर्षं थांबा. नवऱ्याने सही केली. सायकल घेऊन बाहेर गेला.

कागदासाठी मी भावाला फोन केला. आधी कुरकुरला, मग माळ्यावरून आप्पांची फाइल काढून फोटो पाठवला. बोअर बदलल्याचा अर्ज. त्यावर आप्पांचं ते मोत्यासारखं अक्षर. "जुने सिलिंडर कारागिराकडे माझ्यासमोर तोडून नष्ट करण्यात आले आहे. वरील मजकूर सत्य असून त्याबाबत मी जबाबदार आहे." खाली सही. मी अकरावीत होते तेव्हाची. डोंगरी दाखल्याचा कागद घडी घालून परत दिला, त्याच्या आदल्या वर्षीची.

मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. सही त्यांचीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी वर ओढलेली. ह्याच हाताने माझा कागद परत केला होता. माझी आई ह्याच माणसाच्या पायांवर पडली होती.

पोलिसांना भाषांतर हवं होतं. ते मीच केलं, कारण त्या ठाण्यात मराठी वाचणारी मी एकटी. ओळीखाली ओळ, 'माझ्यासमोर' आणि 'सत्य' हे शब्दही. अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं, टेबलावरच्या चक्रीकडे पाहिलं, आणि फार जपून विचारलं, "म्हणजे तुमच्या वडिलांनी सरकारला खोटं लिहून दिलं होतं?"

लेक माझ्या शेजारी बसली होती. शब्द अडला तर सांगायला म्हणून मीच तिला आणलं होतं.

"हो," मी म्हणाले. "ह्या चक्रीसाठी दिलं होतं."

त्यांनी लिहून घेतलं. मला समज दिली, चक्रीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली आणि खणाचा तुकडा तेवढा परत केला. ट्रेनमध्ये लेकीने माझा हात धरला आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आई, आजोबांनी तुझ्यासाठी का नाही खोटं लिहून दिलं?"