भेंडीचे ठसे

चूक माझीच होती. मुलगी बालवाडीत असताना तिने घरी उमटवलेले भेंडीचे ठसे मला वेडेवाकडे वाटले. तो कागद फाडून मी स्वतःच सुबक ओळीत ठसे काढून दिले. बाईंनी शाबासकी दिली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ते बाबांचं आहे." पुढे तिने मला एकही चित्र दाखवलं नाही.

परवा नातवाला बालवाडीतून आणायला गेलो. मुलांच्या कागदांवर, गालांवर भेंडीची हिरवी फुलं उमटली होती. नातवाने रंगात बुडवलेली भेंडी माझ्याही हातात दिली. मी ठसे उमटवले.

"आजोबा, फुलांना रांगेत का उभं केलंत?" त्याने विचारलं.

रांगेचा हट्ट मुलांचा नसतोच. तो आपला असतो.

संध्याकाळी मुलीला म्हटलं, "मनू, तुझे ते ठसे मी फाडायला नको होते. चुकलं माझं."