माझ्या रक्ताचं शून्य

अंबडच्या ज्या गाळ्यात मी काम करतो, तिथे काहीही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. उगाच नाही. एकदा ऐन थंडीत अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर घालून आलो आणि नुसतं बोट लावून ट्रेभर चिपा मारल्या. अंगातली स्थिर वीज! "तुम्ही असताना एकलहऱ्याचं वीजकेंद्र हवंय कशाला?" असं गाळा चालवणाऱ्या मॅडम अजून विचारतात.

आमची चिप म्हणजे नखाएवढा ट्रान्झिस्टर. हृदयावर ताण आला की रक्तात एक प्रथिन वाढतं. चिपेवर बसवलेले रेणू तेवढंच पकडतात. ते चिकटलं की आतून वाहणारी वीज बदलते आणि पडद्यावरची रेघ वर चढते.

पण वर म्हणजे कशाच्या वर? म्हणून आधी निरोगी माणसाचं रक्त घालून शून्य ठरवायचं. मॅडमनी विचारलं, "निरोगी कोण?" मी ऐटीत बोट पुढे केलं.

मग बाकीच्यांचं रक्त तपासलं. सगळ्यांच्या रेघा शून्याच्या खाली. मॅडमची खाली, तंबाखू मळणाऱ्या वॉचमनकाकांचीसुद्धा खाली.

"काय केलंत आता?" मॅडम.

"स्वेटर नाही घातला हो, शप्पथ!"

सगळे हसले, मीही. चिपा बदलल्या. रेघा खालीच.

रात्री जेवताना बायकोला ही गंमत सांगितली. ती हसली नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. मोज्याचं रबर घोट्यात रुतलं होतं, तो खळगा भरून येत नव्हता.

"अहो, परवा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सारखे का थांबत होतात?"

"फोटो काढत होतो."

"कशाने? फोन माझ्या पर्समध्ये होता."

सकाळी मी मॅडमना म्हणालो, "शून्य तुमच्या रक्ताने लावून बघू या का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारला नाही, सरळ बोट पुढे केलं.

वॉचमनकाकांची रेघ शून्याला टेकून शांत पडली. मग माझा थेंब. रेघ चढली, चढतच राहिली.

"बोट नीट पुसलं नव्हतं मी," मी म्हणालो. "थेंबही मोठा पडला. माझाच काहीतरी घोळ असणार, परत करू."

दुसऱ्या वेळी मॅडमनी मला कशालाच हात लावू दिला नाही. रेघ तशीच चढली.

"तुमची चूक नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं तरसलो होतो! आणि आता म्हणत होतो, चूक माझीच निघू दे.

"चिप म्हणजे काही डॉक्टर नव्हे, मॅडम."

"म्हणूनच डॉक्टरकडे जातोय. चला." त्यांनी गाडीची किल्ली उचललीसुद्धा होती.

गाडी फाटकापाशीच होती. तरी मी मध्येच थांबलो. फोटो काढण्यासारखं तिथे काही नव्हतं.