मागे राहणाऱ्यांचा आधी विचार करणाऱ्या प्रमिलाताई

ॲड. प्रमिलाताई शेवाळे यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसले ती पक्षकार म्हणून. माझे पती अपघातात गेले होते. इंदिरानगरचा फ्लॅट त्यांनी लग्नाआधी घेतलेला, सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलेलं, आणि ते पुढे बदलायचं राहून गेलेलं. घर आता सासूबाईंचंच, असं नातेवाईक बोलत होते. चार वर्षांच्या मुलीला घेऊन येवल्याला माहेरी जायची तयारी मी मनाशी करत होते. दोन महिने आम्ही सासू-सुना एका घरात राहून कामापुरतंच बोलत होतो.

ताईंनी दोघींना एकत्रच बोलावलं. सासूबाईंना म्हणाल्या, “नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे घर तुमचं, सुनेचं आणि नातीचं. तिघींचा सारखा हिस्सा.”

सासूबाई म्हणाल्या, “मला कुठे हिला घालवायचं होतं? मला वाटलं, हीच मला सोडून चाललीय.”

आम्ही तिघी आजही त्याच घरात राहतो. कागद पुरे करताना ताईंना कळलं की मी कायद्याची पदवीधर आहे आणि पदवी लग्नापासून कपाटात पडून आहे. “सोमवारी अकराला या,” एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता अठरा वर्षं झाली.

दावे लढवून नाव मिळवणारे वकील नाशिकात पुष्कळ आहेत. दावा मुळात उभाच राहू नये म्हणून आधी करायचं काम ताईंनी निवडलं. त्यात मृत्युपत्रं आली, कागदोपत्री वारसांची नावं लावणं आलं, आणि मुख्य म्हणजे घरातल्यांना समोरासमोर बसवून बोलतं करणं आलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते पक्षकार बरोबर घेऊन येतात. ताई मात्र आधी विचारतात, “बरोबर आणखी कोण आलंय?”

मखमलाबादचे एक फुलशेतकरी असेच आले होते. त्यांना इथे नामदेवराव म्हणते. मळ्यातलं घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, ते दोन्ही मुलांना अर्धं अर्धं द्यायचं होतं. बाहेर बाकावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. ताईंनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि नामदेवरावांना विचारलं, “तुमच्या माघारी या कुठे राहणार?”

“पोरं हायेत की.”

“कोणत्या पोराकडे?”

“दोघंबी चांगले हायेत. तुम्ही लिहा.”

“लिहिते. पण आधी मुलांना विचारून या. यांच्यासमोर विचारा.”

नामदेवराव रागावून निघून गेले. आता हे परत येत नाहीत, असं मी म्हटलं. तीन आठवड्यांनी ते आले, पत्नीला घेऊनच. खुर्चीत बसल्यावर हळूच म्हणाले, “ताई, इचारलं. दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहाया लागले. कोणी नाय म्हनलं नाय, पन हो बी म्हनलं नाय.”

मग मृत्युपत्रात लिहिलं गेलं, की स्वयंपाकघर आणि त्यालगतच्या खोलीत पत्नीने हयातभर राहायचं आणि त्यांच्या हयातीत ते घर कोणी विकायचं नाही. पुढे नामदेवराव गेले, भावाभावांत बिनसलं, अंगणात भिंत आली. वर्षश्राद्धाचं बोलवायला नामदेवरावांच्या पत्नी ऑफिसात आल्या, तेव्हा मी त्यांची विचारपूस केली. म्हणाल्या, “भांडत्यात. पन माझी चूल कोणी हालवली नाय.”

ताई जितक्या मृदू, तितक्याच कठोर. एकदा एका रुग्णालयात एका गृहस्थांनी मृत्युपत्रावर वडिलांचा अंगठा घ्यायला बोलावलं. शाईची डबी माझ्या हातात होती. ताईंनी मुलाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं आणि वडिलांना मुलींची नावं विचारली. त्यांना ती सांगता येईनात. ताईंनी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “यांना आता काही कळत नाही. मी कागद करणार नाही.” मुलाने आवाज चढवला, ओळखीपाळखी सांगितल्या. ताई जिना उतरायला लागल्या होत्या. रिक्षात मात्र त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

परवा पंचाहत्तरीच्या निमित्ताने आम्ही सहकारी त्यांच्याकडे गेलो. आपल्या माघारी उघडायची एक वही त्यांनी दाखवली. कुठली किल्ली कुठे आहे, कोणाला आधी फोन करायचा, गच्चीवरच्या कुंड्या कोणाला द्यायच्या, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. ताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, “मागचं सगळं लावून झालं. आता फक्त जगायचं काम उरलंय.”

ताई, आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांची कामं वेळेत पुरी करून दिलीत. हे एवढं काम मात्र अजिबात घाई न करता, धडधाकट तब्येतीने, वर्षानुवर्षं चालू ठेवावं, ही आम्हा सर्वांची मनापासून विनंती.