वस्तू झोपवणाऱ्या मामी

पसारासुद्धा माणसाला घाबरतो, हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामींनी दाखवलं. चेन्नईच्या अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत शाळा-कॉलेजच्या वयाचं एकही पोर असं नव्हतं, ज्याची खोली मामींनी आवरून घेतली नाही. 'आवरून घेतली' म्हणते मी, 'आवरली' नव्हे. दुसऱ्याच्या खोलीतली टाचणीसुद्धा त्यांनी कधी उचलली नसेल. "ज्याची वस्तू त्याचा हात," एवढं बोलून त्या दारात स्टूल टाकायच्या, खोलीकडे चक्क पाठ करून बसायच्या आणि मांडीवरच्या मोगऱ्याच्या कळ्या एकेक करून गुंफायला लागायच्या. आईबापांनी घसा कोरडा केला तरी न हलणारी पोरं त्या पाठीसमोर मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या घालायची. शेजारच्या फ्लॅटमधला सहा फुटी इंजिनिअरिंगवाला मामींचं स्टूल येताना दिसलं की आधीच बेडखाली शिरून मोजे गोळा करायचा.

मामी तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर तिकडे गेले ते तिकडचेच झाले. आम्ही साताऱ्याकडचे, ह्यांच्या नोकरीपायी चेन्नईत आलेले. मामींचं मराठी ऐकलं की आमच्या ह्यांना आधी हसू यायचं आणि मग उगाचच सावरून बसावंसं वाटायचं. त्या घरात अनवाणी, जिन्यात अनवाणी, गच्चीवर भर उन्हातही अनवाणी. त्यामुळे त्या आल्याचं कुणाला कधी कळत नसे. मी सहज म्हणून दार उघडावं आणि मामी बेलकडे हात नेत उभ्या असाव्यात, असं इतक्या वेळा झालं की मी दार सहज उघडते हे म्हणणं सोडून दिलं. आणि वस्तूंबद्दल बोलायच्या ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं. आमच्या दिवाणखान्यातल्या छत्रीकडे बघून एकदा म्हणाल्या, "ही रुसली आहे, हो. तिला कोपऱ्यांत नको ठेवूं." छत्री मी हलवली नाही. पुढच्याच पावसात ती माझ्या हातात उलटी झाली, आणि मी कुणाला काही बोलले नाही.

त्यांचा खरा पराक्रम म्हणजे आमची सायली. दहावीतली ही मुलगी कपाट आवरायला बसली की कपाटातच हरवायची. सकाळी एक ओढणी घडी करायला घ्यायची, ओढणीखाली वाढदिवसाचं कार्ड निघायचं, कार्ड देणाऱ्या मैत्रिणीची आठवण यायची, मग फोन. दुपारी बघावं तर ओढणी गळ्यात, कार्ड हातात आणि बाईसाहेब पसाऱ्याच्या मधोमध मांडी घालून जुनी मासिकं वाचताहेत. मी ओरडून ओरडून दमले तेव्हा मामी स्टूल घेऊन आल्या. पाठ खोलीकडे, बोटं कळ्यांत. सायलीनं पुस्तकं रचली, मग तिला एक तुटकी बांगडी सापडली आणि ती खिडकीशी जाऊन बांगडीतून ऊन बघायला लागली. जरासुद्धा आवाज झाला नव्हता. मामी मान न वळवता म्हणाल्या, "अप्पुरम?"

अप्पुरम म्हणजे तमिळमध्ये 'मग पुढे?' एवढंच. रागावणं नाही, समजावणं नाही. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारा विचारतो, त्या सुरात. सायली दचकली, बांगडी ठेवली, कामाला लागली. पुन्हा मन भरकटलं की पुन्हा "अप्पुरम?" तेही नेमकं त्या क्षणी, आधी नाही, नंतर नाही. एकदा सायलीनं मुद्दाम परीक्षा घेतली. हात चालू ठेवले आणि मनातल्या मनात सिनेमाचा विचार करायला लागली. तरी आलंच, "अप्पुरम?" त्या दिवशी जेवताना म्हणाली, "आई, मामींच्या पाठीला डोळे नाहीयेत. मी नीट बघितलं."

सगळ्यात शेवटी झोपवण्याचा विधी. चेन्नईत नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. विजयादशमीच्या संध्याकाळी त्यातली एक बाहुली आडवी करून झोपवतात, म्हणजे कोलू निजला. मग दुसऱ्या दिवशी बाकीच्या बाहुल्या पेटीत जातात. मामींनी हा रिवाज मुलांच्या खोल्यांना लावला होता. सगळं जागच्या जागी गेलं की एक वस्तू निवडायची, जिच्यामुळे सगळ्यात जास्त भान हरपतं ती, आणि ती ज्याची त्यानं आपल्या हातानं आडवी करायची. "एक निजली कीं बाकीच्या ऐकतात. नाही निजवली तर रात्रभर जाग्या राहतात, कन्ना, आणि मागें येतात." कन्ना म्हणजे बाळ; मामींना सगळीच पोरं कन्ना. सायलीनं गजराचं घड्याळ आडवं केलं. आडवं होताच ते बंद पडलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी उभं केलं, तर चालू झालं. सेल सैल असणार, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण खोली परीक्षा होईपर्यंत आवरलेलीच राहिली.

इतरांच्या खोल्या निजवणाऱ्या मामींच्या घरात मात्र एक खोली जागी होती. बरोबर सायलीच्या खोलीच्या खाली. मामींचा एकुलता एक रघू तिथे राहायचा; पंधराव्या वर्षी मेंदूत ताप गेला आणि तो गेला, आम्ही तिथे येण्याच्या कितीतरी आधी. मामा त्यानंतर वारले. खोलीचं दार सदा उघडं. आत दप्तर उलटं पडलेलं, शर्ट खुर्चीवर, वह्या जमिनीवर, भिंतीशी टेनिसचा चेंडू, जसं तो टाकून गेला तसं. मामी रोज तिथे केर काढायच्या, पण वस्तूंच्या कडेकडेनं. आणि दुपारी, सगळी इमारत पेंगत असताना, खालून आवाज यायचा. टप. मग थोडं थांबून, टप, टप. टेनिसचा चेंडू भिंतीवर मारून झेलावा तसा. मी ह्यांना सांगितलं, पाण्याचा पाइप आहे. ह्यांनी मला सांगितलं, पाइप आहे. सायली मात्र त्या आवाजाच्या तालावर गणितं करायची.

सायली बारावीत असताना इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांनी सामान बांधलं. मामी भावाकडे तंजावरला जाणार होत्या, आणि रघूच्या खोलीला त्यांचा हात लागत नव्हता. एक वही उचलायच्या, उघडायच्या, वाचत बसायच्या. शर्ट उचलायच्या, तो तसाच हातात राहायचा. सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार, तेव्हा त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बेल वाजवली. सायलीला म्हणाल्या, "तू येत्येस का, कन्ना? स्टूल देत्यें."

मी मागोमाग गेले आणि बाहेरच्या खोलीत बसले. सायली दारात पाठ करून बसली. मोगरा तिला गुंफता येत नव्हता, म्हणून नुसत्याच कळ्या ओंजळीत धरल्या. आत कागदांचा आवाज झाला, मग थांबला. सायली म्हणाली, "अप्पुरम?" अगदी त्याच सुरात. वह्या गेल्या, दप्तर गेलं, शर्ट गेला. प्रत्येक वेळी मामी थबकायच्या आणि प्रत्येक वेळी ही भरकटणारी मुलगी त्यांना नेमकं त्या क्षणी परत आणायची. शेवटी राहिला चेंडू.

"ह्याला कसें निजवूं?" मामींचा आवाज आला. "ह्याला उभें नाही, आडवें नाही. आणि ज्याची वस्तू त्याचा हात. त्याचा हात मी कोठून आणूं?" सायलीनं ओंजळीतल्या कळ्या मांडीवर ठेवल्या. "कोलूच्या बाहुल्या पुढच्या वर्षीं उठतात, कन्ना. ह्याला निजवलें तर उठायचा नाही. मग दुपारीं मला काय?"

तेव्हा मला कळलं की तो आवाज त्यांनाही येत होता, आणि त्या त्याच्यासाठीच जगत होत्या. मला उठून जावंसं वाटलं, जाता आलं नाही. मग सायली हळूच, रडवेल्या आवाजात म्हणाली, "अप्पुरम, मामी?"

मामींनी रघूची उशी घेतली, मधोमध मुठीनं खळगा केला आणि चेंडू त्यात ठेवला. मी उठून सायलीच्या डोक्यावरून आत पाहिलं. पंखा बंद होता, खिडक्या लावलेल्या होत्या. चेंडू खळग्यात एकदा सावकाश वळला, कुशीवर वळावं तसा, आणि थांबला. मामींनी त्याच्यावर टॉवेल पांघरला आणि म्हणाल्या, "नीज, राजा." त्या दुपारी खालून आवाज आला नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, पाइप दुरुस्त केला का.

मामी तंजावरला गेल्या आणि दोन वर्षांत तिकडेच वारल्या. उशी आणि चेंडू शेवटपर्यंत त्यांच्या पलंगावर होते, असं त्यांच्या भावानं कळवलं. सायली आता चेन्नईबाहेर सिरुसेरीला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर तिथेच राहते, आणि शनिवारी आमच्या नव्या घरी येऊन स्वतःच्या खोलीत पसारा घालून जाते. ओढणी खुर्चीवर, मासिकं जमिनीवर, गजराचं घड्याळ उभं. मी रोज केर काढते. हे म्हणतात, आवर की एकदा ती खोली, मुलगी गेली आता. मी हो म्हणते, आणि केरसुणी ओढणीच्या कडेकडेनं फिरवून बाहेर येते.