झुरळकाकांच्या घरातली झुरळं

झुरळकाकांचं खरं नाव त्यांच्या विजेच्या बिलावर होतं आणि ते वाचायची वेळ फक्त बिल वाटणाऱ्यावर यायची. बाकी सगळ्यांना ते झुरळकाका. पाठीवर फवारणीचा पंप, खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातली झुरळं, मुंग्या आणि ढेकूण मारले. त्यामुळे कोणाच्या ओट्याखाली झाडू फिरत नाही आणि कोणाच्या पाहुण्यांच्या गादीत कोण आधीच मुक्कामाला आहे, याची बित्तंबातमी त्यांच्याकडे. पण माणूस पोटात ठेवणारा. खोदून खोदून विचारलं तरी "असतात हो सगळ्यांकडे" यापलीकडे अक्षर नाही. चौकशीसाठी पाजलेले किती चहा असे वाया गेले.

काम करायची त्यांची एक रीत होती. आल्या आल्या पंप हाणायचे नाहीत. आधी चिकट पुठ्ठे लावायचे: एक ओट्याखाली, एक फ्रीजमागे, एक मोरीपाशी. प्रत्येकावर पेन्सिलीने जागा लिहायची. आठ दिवसांनी ज्या पुठ्ठ्यावर गर्दी, तिथेच घर. मग फवारा. आणि पुठ्ठे ताबडतोब साबणाच्या पाण्यात बुडवायचे. त्याबद्दल ते गिऱ्हाइकाला शाळामास्तरासारखे बजावत. झुरळाची मादी चिकटून मरते, पण मरता मरता अंड्यांची डबी टाकते. गव्हाच्या दाण्याएवढी डबी, पण आत पिल्लं तीसेक. "आई मेली म्हणून निर्धास्त राहू नका," असं ते म्हणायचे, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र झुरळाचं नाव नव्हतं. दाराखाली रबराची पट्टी, मोरीला बारीक जाळी, नळाभोवतीच्या फटीत सिमेंट. संध्याकाळी काकू सिंक फडक्याने कोरडं करून ठेवत. खायला नसलं तरी झुरळ तग धरतं, पाणी नसलं की घर सोडतं, हे काकूंना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं होतं. "दुसऱ्यांचे नवरे बायकोला फिरायला नेतात, आमच्यांनी मोरी दाखवली," असं काकू चारचौघींत सांगत, आणि सांगताना तोरा असा की जणू हारच मिळालाय.

त्याच काकूंना एके दुपारी भिंतीवर झुरळ दिसलं.

काकांनी बॅटरी घेऊन सगळं घर पालथं घातलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी काकूंना दोन दिसली, मग पलंगावर, मग ताटात. काकांनी पुठ्ठे लावले. आठ दिवसांनी पुठ्ठ्यांवर धूळ आणि काकूंचा एक पांढरा केस.

"बघ. एकही नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"तुम्हाला दिसेनाशी झालीत, असं सांगा ना सरळ. चष्मा बदला."

डॉक्टरांनी सांगितलं की दोष चष्म्याचा नाही. काकूंचा मेंदू थकत चालला होता आणि जे नाही ते डोळ्यांना दाखवत होता. वाद घालू नका, एवढं एकच औषध त्यांनी मोकळ्या मनाने दिलं.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिच्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था होती, नर्स वगैरे असलेली. ती म्हणाली, "बाबा, आईला तिथे ठेवू."

"अगं, मी आहे ना घरी. चाळीस वर्षांत एक दिवस तिला सोडून राहिलो नाही."

"दोन महिने बघू मग. ती नीट जेवली आणि घर नीट राहिलं तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर मी घेऊन जाईन."

त्या दोन महिन्यांवर काकांचा सगळा जीव टांगलेला. आणि काकू तर जेवेचनात. "त्यांचे पाय लागलेत," म्हणून ताट सरकवायच्या. दिवसभर अंगावरचं काहीतरी झटकायच्या. दंडावर नखांचे ओरखडे उठले. गावभरचे किडे मारणाऱ्या माणसाला घरात नसलेला किडा मारता येईना.

मग एका सकाळी एका खानावळीच्या मुदपाकखान्यातला पुठ्ठा त्यांनी साबणाच्या पाण्यात बुडवला नाही. कागदात गुंडाळून घरी आणला, काकूंची पाठ होती तेवढ्यात ओट्याखाली सरकवला आणि थोड्या वेळाने त्यांच्यासमोर ओढून काढला.

"सापडली गं."

काकूंनी वाकून पाहिलं. बारा-तेरा तरी होती, दोन-तीन मिशा हलवत. त्या खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"मला वाटलं, मला वेडच लागलं."

"छे. कुठलं वेड? खरंच होती."

त्या दुपारी काकू पोटभर जेवल्या आणि शांत झोपल्या. काका पायथ्याशी बसून राहिले. मग दर आठवड्याला एक पुठ्ठा येऊ लागला. जगात माणसं बायकोसाठी गजरा नेतात.

पुठ्ठा मात्र काकू टाकू देईनात. "मेल्याची खात्री होऊ दे. तुमचा काय भरवसा," म्हणत पलंगाशेजारच्या स्टुलावर दोन-दोन दिवस ठेवून घ्यायच्या. काकांना ती डबी माहीत नव्हती असं नाही. तीस वर्षं ज्याबद्दल दुसऱ्यांना झापलं, ते त्यांनी डोळ्यांदेखत स्वतःच्या घरात होऊ दिलं. कारण ताट रिकामं होत होतं आणि दंडावरचे ओरखडे भरत होते.

दीड महिन्याने काकू म्हणाल्या, "अहो, साखरेच्या डब्यापाशी पिल्लं आहेत."

"हो हो, पुठ्ठा आणतो उद्या," काका पेपरातून मान न काढता म्हणाले.

काकूंनी तीन दिवस तेच सांगितलं. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी पातेलं परत द्यायला आल्या आणि पातेलं तिथेच टाकून पळाल्या. वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत झुरळकाकांच्या घरात झुरळं, ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. लोक पोट धरधरून हसले.

काकांनी ओट्याखाली वाकून बॅटरी मारली. फटीत नुसती वळवळ. फवारायचं तर काकूंना चार तास बाहेर न्यायला हवं, आणि काकू उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या. विषाचे ठिपके लावले तर त्याला पंधरा दिवस. लेक परवा येणार होती.

ती आली. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि पेला तसाच हातात धरून बाहेर आली.

"बाबा, हे काय आहे? तुमच्या घरात?"

काका काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "बघ. पहिल्या दिवसापासून सांगतेय मी. हे ऐकतच नव्हते. डॉक्टरकडे नेलं मला, डोक्यात बिघाड म्हणून."

लेक बापाकडे बघत होती. एका वाक्याचं काम होतं. पहिल्या दिवशी एकही झुरळ नव्हतं, ही सगळी माझ्या हाताने आणलेली आहेत, तुझ्या आईने चार घास खावेत म्हणून. लेकीला ते कळलंही असतं. पण काकूही समोरच होत्या, ताठ बसलेल्या, कितीतरी दिवसांनी कोणीतरी आपलं खरं मानणार म्हणून तोंडावर तजेला आलेला.

"हो," काका म्हणाले. "होती पहिल्यापासून. मीच लक्ष दिलं नाही."

लेकीने पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची बॅग भरली. उंबरा न ओलांडणाऱ्या काकू गाडीत चटकन बसल्या, कारण लेकीने सांगितलं होतं की घर फवारून होईपर्यंतच जायचंय. काचेतून त्यांनी काकांना बजावलं, "कोपरे सोडू नका. घाई करता तुम्ही."

काकांनी घाई केली नाही, तरी दोन फवाऱ्यांत आणि तीन आठवड्यांत घर साफ झालं. नंतर लावलेले पुठ्ठे कोरेच्या कोरे निघाले. वहिनी जिन्यात भेटल्या की अजून विचारतात, "काय काका, पाहुणे गेले का?" ते हसतात. लेक म्हणते, आईचं तिथे बरं चाललंय, जेवते, आता तिला हलवायला नको असं डॉक्टर म्हणतात.

दर रविवारी काकूंचा फोन येतो. इतर गोष्टी त्या विसरतात, लेकीला कधी ताई म्हणतात, पण हे विसरत नाहीत.

"संपली का हो सगळी? येऊ का मी?"

काका स्वच्छ ओट्याला टेकून उभे असतात.

"नाही गं अजून. थोडी राहिलीत."

"मग सावकाश करा," काकू म्हणतात. "मी थांबते."